मदतीची यादी कोणी करायची?

बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये हे पुस्तक, सहावा अध्याय. आपल्याकडे तो वाचला जातो बहुतेक स्तेफनासाठी. पहिला रक्तसाक्षी, पुढे त्याच्यावर झालेली दगडफेक, कपडे सांभाळत उभा असलेला शौल, जो पुढे पौल झाला, हे सगळं आपल्याला संडे स्कूलपासून पाठ असतं. पण तो अध्याय सुरू होतो एका तक्रारीने आणि ती तक्रार जेवणाची आहे. यरुशलेमेतल्या मंडळीत, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती समाजात, रोज अन्नवाटप व्हायचं आणि ग्रीक बोलणारे यहुदी, म्हणजे हेल्लेणी, कुरकुरायला लागले की आमच्या विधवांना वगळलं जातंय. म्हणजे बघा, प्रेषित स्वतः हजर आहेत, लोक जमिनी विकून पैसे आणून त्यांच्या पायाशी ठेवतायत, कोणाची दानत कमी नाही, आणि तरीही काही बायका वाटपात सुटतायत, आणि सुटतायत त्या नेमक्या वेगळ्या भाषेच्या, बाहेरून आलेल्या, ज्यांचं वाटप करणाऱ्यांमध्ये कोणी ओळखीचं नाही अशा.

यावर प्रेषितांनी काय केलं ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. 'एवढं करतो तरी तुमचं आपलं आहेच' असं ते म्हणाले नाहीत. वाटणारे तेच ठेवून यादीत फक्त चार नावं वाढवली, असंही केलं नाही. सगळ्या मंडळीला बोलावून सांगितलं, तुमच्यातली सात माणसं निवडा, हे काम त्यांच्याकडे देतो. आणि निवडलेल्यांची नावं वाचा: स्तेफन, फिलिप्प, प्रखर, नीकानोर, तीमोन, पार्मिना, नीकलाव. सगळी ग्रीक नावं. शेवटचा नीकलाव तर अंत्युखियाचा, जन्माने यहुदीसुद्धा नाही. नावांवरून दिसतं ते एवढंच की ज्यांच्या बायका उपाशी राहत होत्या त्यांच्याच माणसांच्या हातात कोठाराच्या किल्ल्या दिल्या गेल्या.

मला जे म्हणायचंय ते इथेच आहे. चर्चने गरजूंना मदत करावी का, किती करावी, आधी आपल्यांना की बाहेरच्यांना, यावर आपण पुष्कळ बोलतो, उपदेशात ऐकतो, वार्षिक सभेत भांडतो. पण कोणाला काय द्यायचं हे जिथे ठरतं त्या टेबलाशी, ज्याच्या घरात महिन्याच्या वीस तारखेनंतर तेल संपतं असं कोणी बसलेलं असतं का? माझ्या माहितीतल्या मंडळ्यांमध्ये तर नसतं. तिथे बसतात रिटायर्ड साहेब लोक, शाळेचे माजी मुख्याध्यापक, बँकेतून व्हीआरएस घेतलेले, आणि ही माणसं चांगली असतात, देवभीरू असतात, स्वतःच्या खिशातून घालतात, त्यांच्याबद्दल माझ्या मनात आदर आहे. तरी ती यरुशलेमेतल्या पहिल्या वाटणाऱ्यांच्या जागी आहेत, त्या सात जणांच्या जागी नाहीत.

आमची मंडळी पुण्याच्या बाजूला, एमआयडीसीच्या आसपास वसलेली. निम्म्याहून जास्त घरं नगर, जालना, औरंगाबादकडून आलेली. कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर, सिक्युरिटीला, हॉस्पिटलात आया नाहीतर नर्स, सोसायट्यांमध्ये धुणीभांडी आणि स्वयंपाक. बऱ्याच जणांचे आजे-पणजे महारवाड्यातून, मांगवाड्यातून मिशनच्या काळात ख्रिस्ती झालेले. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींची यादी फक्त हिंदूंपुरती ठेवली, १९५६ मध्ये शीख त्यात आले, १९९० मध्ये बौद्ध आले, ख्रिस्ती आजही बाहेर आहेत. जात मात्र आमच्या मागे गावापासून इथपर्यंत आलीच. त्यामुळे एकाच आजोबांची नातवंडं, एका घरातली बौद्ध आणि दुसऱ्या घरातली ख्रिस्ती, आणि स्कॉलरशिपचा फॉर्म भरायच्या वेळी दोघांच्या वाटा वेगळ्या, हे आमच्याकडे घराघरात आहे. सांगायचं कारण, 'गरजू' म्हणजे कुठेतरी लांब झोपडपट्टीत राहणारं कोणी असं आमच्याकडे नाही. ते तिसऱ्या बाकावर बसलेले असतात.

जवळच्याच एका मंडळीत, नाव लिहीत नाही, नाताळाच्या आधीच्या रविवारी उपासनेनंतर ब्लँकेट वाटप होतं, मी पाहुणी म्हणून गेले होते. मागे बॅनर, त्यावर देणाऱ्यांची नावं आणि फोटो. माईकवरून एकेक नाव पुकारत होते. एक ताई पुढे गेली, नवरा सोडून गेलेला, तीन सोसायट्यांमध्ये काम करते. तिची मुलगी दहावीत, क्वायरमध्ये गाते, क्वायरची बाकं स्टेजच्या अगदी बाजूला, पांढरा ड्रेस घालून मुलगी तिथेच बसलेली. आईचं नाव पुकारलं तेव्हा त्या मुलीने हातातलं गीतांचं पुस्तक उघडलं आणि मान खाली घालून वाचायला लागली. गाणं तर कधीच संपलं होतं. चार जणांनी ब्लँकेटची चार टोकं धरली, मधे तिची आई, फोटो झाला, फोटोग्राफर म्हणाला अजून एक, परत धरलं. ती बाई रिक्षात बसायच्या आत फोटो ग्रुपवर आला होता. नंतर गेटपाशी बोलणं झालं तर मला म्हणाली, "ब्लँकेटं होती ओ ताई घरात दोन. मला डिपॉझिटला पैसे पाहिजे होते, मालक खोली खाली करा म्हणतोय." नाताळच्या सकाळी ती मुलगी क्वायरमध्ये नव्हती, असं तिथल्याच एका मैत्रिणीकडून कळलं.

वाईट हेतू कोणाचाच नव्हता. ज्यांनी ब्लँकेटं आणली ते भिवंडीपर्यंत जाऊन होलसेलमध्ये घेऊन आले होते, सुट्टी टाकून. पण त्या बाईला आधी कोणी एक प्रश्न विचारला असता, तुला काय लागतंय, तर तेवढ्याच पैशात दहा ब्लँकेटांऐवजी एका घराचं डिपॉझिट निघालं असतं आणि त्याचा फोटो काढायची वेळच आली नसती. प्रभूने डोंगरावरच्या उपदेशात दानधर्माबद्दल जे सांगितलं ते हेच ना, उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू देऊ नको. आमच्याकडे मात्र डाव्या हातात मोबाईल असतो.

आणि हे महाराष्ट्रात आम्हाला नवीन शिकायची गरज नाही, इथेच होऊन गेलंय. पंडिता रमाबाईंचं नाव आपण सगळे घेतो, पाच एप्रिलला त्यांची पुण्यतिथी करतो, पण त्यांच्या कामातली एक गोष्ट मला नेहमी सगळ्यात मोठी वाटत आलीय ती म्हणजे त्या स्वतः उपाशी राहिलेल्या होत्या. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात त्यांचे वडील अनंतशास्त्री, आई आणि मोठी बहीण गेली, थोड्याथोडक्या अंतराने, आणि त्या आणि भाऊ श्रीनिवास पायी फिरत राहिले, मिळेल ते खात, मिळेल तिथे झोपत. विद्वान ब्राह्मणाचं घर, पोथ्या पुराणं पाठ, आणि पोटात अन्न नाही. म्हणून १८९६ चा दुष्काळ पडला आणि मध्य प्रांतातल्या बातम्या यायला लागल्या तेव्हा त्यांना ते चित्र कोणी समजावून सांगावं लागलं नाही. त्या स्वतः तिकडे गेल्या. दुष्काळी कामांवर, गरीबखान्यांत एकट्या पडलेल्या मुलींचं काय होतं हे त्यांनी ओळखलं आणि शेकडो मुली घेऊन आल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध होते, एवढ्या जणी शहरात ठेवू देईनात, मग पुणे-दौंड लाईनवर केडगावला जी जमीन घेतलेली होती तिथे मुक्काम हलवला. तिथे काय होतं? माळ आणि विहिरी खणायचं काम. १९०० च्या सुमाराला तिथे जवळजवळ २००० जणी राहत होत्या, दोन हजार, आजसुद्धा कोणाला एवढा स्वयंपाक लावायचा म्हटलं तर घाम फुटेल.

एवढ्या जणींना सांभाळलं कोणी? रमाबाईंच्याच शारदा सदनातल्या मुलींनी. १८८९ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या आणि मग पुण्यात आलेल्या त्या सदनात ज्या बालविधवा केस कापलेल्या, घाबरलेल्या अशा आल्या होत्या, त्यातल्याच कित्येकजणी आता मोठ्या होऊन शिक्षिका झाल्या होत्या, कोणी भांडार बघत होती, कोणी आजाऱ्यांकडे. नवीन आलेल्या मुलीला न्हाऊमाखू घालणारी, तिच्या डोक्यातल्या उवा काढणारी, रात्री ती दचकून उठली की शेजारी बसणारी बाई कालपर्यंत त्याच जागी होती. विणकाम, शिवण, गाईगुरं, तेलाचा घाणा, छापखाना. छापखान्यात टाइप जुळवणाऱ्या बायका होत्या आणि रमाबाईंनी केलेलं बायबलचं सोपं मराठी भाषांतर त्यांच्याच हातून छापलं गेलं. त्यांची मुलगी मनोरमाबाई, त्यांनी अमेरिकेत ब्रेल शिकून आणली आणि आंधळ्या मुली वाचायला लागल्या. कोणी म्हणेल त्या काळात परदेशातून पैसा येत होता. येत होताच. पण पैसा आलेल्या पुष्कळ संस्था आपण बघितल्यात जिथे पन्नास वर्षांनीही घेणारे घेणारेच राहिले. केडगावला घेणारीच्या हातात दुसऱ्या वर्षी काम आणि जबाबदारी होती.

जामखेडचंही तसंच. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबेल आरोळे वेल्लोरला शिकले, अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्समध्ये शिकले, आणि १९७० मध्ये नगर जिल्ह्यातल्या त्या दुष्काळी टोकाला येऊन बसले. लोकांना हॉस्पिटल हवं असेल असं कोणालाही वाटलं असतं. विचारल्यावर कळलं लोकांना आधी पाणी हवंय, जेवण हवंय. ७२ च्या दुष्काळाची ती वर्षं, आमच्या आईला अजून आठवतंय, खडी फोडायला जायचे सगळे आणि सुकडी मिळायची. जामखेडला त्यांनी बोअर घेतले आणि ते घेतले दलित वस्त्यांमध्ये. पाणी तिथे लागलं म्हटल्यावर सगळ्या गावाला तिथे यावंच लागलं. मला वाटतं हजार उपदेश केले असते तरी जे झालं नसतं ते त्या हातपंपाने केलं. आणि गावातलं आरोग्याचं काम त्यांनी दिलं गावाने निवडलेल्या बायकांना, त्यातल्या कित्येक निरक्षर, कित्येक दलित, नवऱ्याने टाकलेल्यासुद्धा. त्या दर आठवड्याला जामखेडला यायच्या, शिकायच्या, एकमेकींचे अनुभव सांगायच्या आणि परत गावात जाऊन बाळंतपणं करायच्या, लहान मुलांची वजनं करायच्या, जुलाब झाले तर मीठ-साखरेचं पाणी कसं द्यायचं ते घरोघरी दाखवायच्या. जागतिक आरोग्य संघटनेने १९७० च्या दशकातच या कामाची दखल घेतली, १९७९ मध्ये दोघांना मॅगसेसे मिळालं. बायका वेगळ्या, काळ वेगळा, पण कोठाराची किल्ली कोणाच्या हातात, या प्रश्नाचं उत्तर तेच.

लाज हा यातला मोठा भाग आहे आणि त्यावर आपण बोलत नाही. मला बायबलमधलं रूथचं पुस्तक आवडतं ते सासूसुनेच्या प्रेमासाठी, ते तर आहेच, पण त्यातला शेतमालक बवाज मला फार शहाणा वाटतो. नियमशास्त्रात सांगितलेलं होतं की शेताचे कोपरे कापायचे नाहीत, खाली पडलेलं परत वेचायचं नाही, ते गरिबाचं आणि परदेशी माणसाचं. म्हणजे उपकार नव्हे, त्याचा तो हक्क. बवाज त्याच्याही पुढे गेला, गड्यांना सांगितलं की पेंढ्यांतून थोडं मुद्दाम ओढून टाका, रूथला उचलू दे आणि तिला लाजवू नका. आमच्या आजीला सरवा वेचणं चांगलं माहीत होतं. भुईमूग काढून झाला की दुसऱ्याच्या रानात बायका-पोरं राहिलेल्या शेंगा वेचायला जायची, मालकाला सांगायचंसुद्धा नाही, तो रिवाजच होता, आणि संध्याकाळी ओटीत जे असेल ते आपल्या कष्टाचं म्हणून घरी आणायचं. कोणी फोटो काढला नाही, कोणी आभार मागितले नाहीत. आता चर्चला शेत नाही पण बवाजासारखं वागायला अडचण काय आहे? आमच्याकडे एका मंडळीने कॉलनीतल्या किराणावाल्याशी बोलून ठेवलंय, पाच-सहा घरांचं खातं, महिन्याला ठरलेली रक्कम चर्च भरतं, ती बाई दुकानात जाते, बाकी गिऱ्हाइकांसारखी उभी राहते, तिला हवं ते घेते. कोणाला तूरडाळ हवी, कोणाला मुलाच्या डब्यासाठी नूडल्स, कोणाला सॅनिटरी पॅड. एका छापाच्या पिशवीत पाच किलो तांदूळ आणि साबणाची वडी घेऊन जिना चढताना जे शेजारी बघतात ते इथे होत नाही.

आता एक प्रसंग सांगते, तो थोडा लांब आहे. रात्री अकराच्या सुमारास आमच्या मंडळीतल्या एका ड्रायव्हर भावाच्या वडिलांना छातीत दुखायला लागलं, जवळच्या प्रायव्हेट हॉस्पिटलला नेलं, तिथे आधी डिपॉझिट भरा म्हणाले, रक्कम त्याच्या तीन पगारांएवढी. त्याने ग्रुपवर टाकलं. लगेच जोडलेले हात यायला लागले, प्रार्थना करतोय, प्रभू सांभाळेल, आणि प्रार्थना हवीच, मी स्वतः गुडघ्यावर बसले. पण याकोबाच्या पत्रात लिहिलंय की भाऊ उघडा आणि उपाशी असताना 'सुखाने जा, ऊब घ्या, तृप्त व्हा' एवढंच म्हणून काय उपयोग. ज्यांच्याकडे गाडी आहे ते निघाले, एकाने दहा हजार ट्रान्सफर केले, हे सगळं चांगलंच. पण काम झालं ते एका मावशीमुळे. या मावशी दुसऱ्या एका मोठ्या हॉस्पिटलात आया आहेत, वीसेक वर्षं, आणि पूर्वी त्यांच्या नवऱ्याच्या आजारपणात मंडळीने त्यांना थोडी मदत केलेली. त्यांनी फोन केला आणि पहिला प्रश्न विचारला, रेशन कार्ड कुठंय? मग सांगितलं, घरून कार्ड आणि आधार मागवून घे, पेशंटला आमच्याकडे हलव, तिथे महात्मा फुले योजना आहे, खाली आरोग्यमित्राचं टेबल असतं, ड्युटीवर कोण आहे मला माहितीये. आणि पुढे म्हणाल्या, ट्रस्टचं हॉस्पिटल आहे, दहा टक्के बेड गरिबाला फुकट ठेवावे लागतात त्यांना, गप्प बसू नको, सोशल वर्करला भेट.

ही दहा टक्क्यांची गोष्ट आपल्यातल्या किती शिकलेल्यांना माहीत आहे? धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेल्या ट्रस्ट हॉस्पिटलांना कायद्याने दहा टक्के बेड निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि अजून दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायचे असतात. २००६ मध्ये हायकोर्टाने त्याची योजना ठरवून दिली, बिलांच्या उत्पन्नातले दोन टक्के वेगळ्या निधीत टाकायचे, अशा पेशंटकडून डिपॉझिट मागायचं नाही. तसंच संजय गांधी निराधार योजना, विधवा, परित्यक्ता, अपंग अशांना दरमहा पैसे मिळतात, पण त्यासाठी उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला, तलाठी, तहसील, परत या, साहेब नाहीत, सर्व्हर डाऊन. धुणीभांडी करणारी बाई एक दिवस खाडा करून तहसीलला जाते, त्या दिवसाचे पैसे जातात, काम होत नाही, दुसऱ्यांदा ती जात नाही. आपल्या मंडळीत रिटायर्ड क्लार्क आहेत, शिक्षक आहेत, ज्यांना अर्ज लिहिता येतो, साहेबासमोर खुर्चीत बसून बोलता येतं. त्यांनी आठवड्यातला एक दिवस अशा एका बाईबरोबर तहसीलला जावं. त्यात मंडळीचा खर्च रिक्षाभाड्याचा. माझ्या मते कोणत्याही ब्लँकेटपेक्षा हे मोठं दान आहे, कारण अशा बाईला ते पैसे महिन्याच्या महिन्याला येत राहतात आणि त्यासाठी तिला कोणाचे आभार मानत बसावं लागत नाही.

मदत ख्रिस्ती माणसालाच का, हा प्रश्न दर वार्षिक सभेत येतो. माझं मत सरळ आहे, दार सगळ्यांना उघडं आणि मदतीबरोबर पत्रक नाही, अट नाही, 'रविवारी या' असंसुद्धा नाही. प्रभूच्या दाखल्यातल्या शोमरोनी माणसाने रस्त्यात पडलेल्याला जात विचारली नाही, दोन दिनार उतारशाळेच्या मालकाला दिले आणि जास्त लागले तर परत येताना देतो म्हणाला, निघून गेला. चौथ्या शतकात जुलियन नावाचा रोमी सम्राट होता, ख्रिस्ती धर्म सोडून जुन्या देवांकडे गेलेला, आपला विरोधकच, त्याने स्वतःच्या पुजाऱ्याला पत्रात तक्रार केलीय की हे गालीली लोक, म्हणजे ख्रिस्ती, स्वतःच्या गरिबांना पोसतात ते पोसतातच, आपल्याही गरिबांना पोसतात. विरोधकाला ही तक्रार करावी लागली यापेक्षा मोठं सर्टिफिकेट कोणत्या मंडळीला मिळणार. आपल्याकडे मात्र हा विषय दुखरा आहे आणि तो दुखरा का आहे हे आपण प्रामाणिकपणे बघायला हवं. १८९३ मध्ये शारदा सदनातल्या मुली ख्रिस्ती धर्माकडे वळतायत यावरून पुण्यात वादळ झालं, केसरीने टीका केली, रानडे आणि भांडारकरांसारखे सुधारक सल्लागार मंडळातून बाहेर पडले. रमाबाईंवर जबरदस्तीचा आरोप मला पटत नाही, पण भुकेल्या माणसाला मोकळेपणाने नाही म्हणता येत नाही, हेही खरं आहे, आणि म्हणूनच अन्न देणाऱ्याने त्या क्षणी दुसरं काही मागू नये. ज्याला आपल्या वागण्यातून ख्रिस्त दिसायचा त्याला दिसेल, नंतर, त्याच्या वेळेला.

शाळांबद्दल थोडक्यात, कारण त्यावर लिहायला बसले तर वेगळा लेख होईल. शिक्षण हक्क कायद्यातल्या २५ टक्के जागा अल्पसंख्याक शाळांना लागू नाहीत असा सुप्रीम कोर्टाचा २०१४ चा निकाल आहे. घटनेने दिलेला हक्क आहे, मला मान्य आहे. पण मिशनच्या ज्या शाळांची सुरुवातच महारवाड्यातल्या मुलांना पाटी देऊन झाली, त्यांच्या आजच्या ॲडमिशनच्या यादीत आमच्या आया-मावशींची मुलं किती, हे त्या शाळांनी कायद्याने सांगायची वाट न बघता स्वतःच मोजावं.

पैशाचं म्हणाल तर बाहेरून येणारा पैसा आटलाय. २०२० मध्ये परदेशी देणग्यांच्या कायद्यात बदल झाले, एका संस्थेला आलेला पैसा दुसऱ्या लहान संस्थेला देता येत नाही, प्रशासनाचा खर्च २० टक्क्यांच्या आत ठेवावा लागतो, त्यामुळे खेड्यातली पुष्कळ छोटी कामं बंद पडली, त्याचं मला वाईट वाटतं, कारण बंद पडली ती बोर्डिंगं आणि दवाखाने. पण आपल्या दारातल्या गरजूसाठी परदेशी पैसा लागतोच असं नाही. मिझोराममधल्या बायका शंभराहून जास्त वर्षं रोज स्वयंपाकाला तांदूळ घेताना एक मूठ चर्चसाठी बाजूला काढतात, आठवड्याला कोणीतरी ते गोळा करतं, विकतं, आणि त्यातून त्यांच्या चर्चची केवढी कामं चालतात. गरिबातली गरीब बाईसुद्धा त्यात देणारी असते, हे मला त्यातलं सगळ्यात आवडतं. वसईत १९१८ मध्ये मोन्सेनियर मोनीस यांच्या पुढाकाराने कॅथलिकांची सहकारी पतपेढी निघाली, तिचीच पुढे मोठी बँक झाली, तिथल्या माणसाला पैसे हवेत तर हात पसरायचा नाही, सभासद म्हणून कर्ज मागायचं आणि फेडायचं. डिपॉझिटसाठी अडलेल्या त्या ताईला दान नको होतं, चार महिन्यांत फेडलं असतं तिने.

आणि हिशोब. गरीब फंडाचा हिशोब म्हटलं की आपल्याकडे लोक दुखावले जातात, विश्वास नाही का म्हणतात. पौलावर कोणाचा अविश्वास होता? तरी यरुशलेमेतल्या गरिबांसाठी जमवलेली वर्गणी न्यायची होती तेव्हा त्याने मंडळ्यांनी नेमलेली माणसं बरोबर घेतली आणि लिहून ठेवलं की या देणगीच्या कामात कोणी आम्हाला दोष लावू नये म्हणून आम्ही जपतोय, प्रभूसमोर आणि माणसांसमोरही. रक्कम नोटीस बोर्डवर लागावी, घेणाऱ्याचं नाव लागू नये. सध्या बहुतेक ठिकाणी बरोबर उलटं आहे, नावं माईकवर आणि रक्कम कपाटात.

येत्या वार्षिक सभेत मी ठराव मांडणार आहे. मदतीची वेगळी छोटी कमिटी, सात जणांची, त्यातल्या चार जागा अशा लोकांना ज्यांनी गेल्या काही वर्षांत मंडळीची मदत घेतलीय किंवा ज्यांचं काम रोजंदारीचं आहे. निदान तीन बायका. ठरावीक रकमेपर्यंत त्यातल्या दोघांनी फोनवर ठरवून रात्रीतच पैसे द्यायचे, मिटिंगची वाट बघायची नाही. फोटो नाही. एका घराला हात दिला तर ते घर उभं राहीपर्यंत त्याच दोघांनी जात-येत राहायचं, शोमरोन्याने परत येताना बघतो म्हटलं तसं. पाळकसाहेबांशी बोलले, त्यांना पटलंय, पंचांपैकी काहींना पटलेलं नाही. एकांनी विचारलं, जे स्वतः घेतात तेच वाटायला बसले तर आपल्याच लोकांना देणार नाहीत का? मी म्हटलं, आत्ता बसलेलेही आपल्याच ओळखीच्यांना देतात साहेब, फक्त त्यांची ओळख लांबपर्यंत जात नाही. दुसरी अडचण खरी आहे, कमिटीत बसलं म्हणजे गरीब असा शिक्का बसणार, मग कोण तयार होईल? त्यासाठी ठरावात कुठेही 'गरजू प्रतिनिधी' असा शब्द घालायचा नाही असं आम्ही ठरवलंय, सातही जण सारखे, सही सगळ्यांची सारखी.

आया असलेल्या त्या मावशींना मी स्वतः जाऊन विचारलं. आधी म्हणाल्या मला काय लिहिता-वाचता येतंय का. मी म्हटलं मावशी त्या रात्री लिहिणारे-वाचणारे चाळीस जण ग्रुपवर होते. मग थोडा वेळ काही बोलल्या नाहीत, चहा टाकला, आणि म्हणाल्या, "बसंन मी, पण मिटिंग रविवारी उपासनेनंतर ठेवू नका, मला दोनची ड्युटी असती आन बाकीच्या बायांना घरकामं. बुधवारी रात्री आठनंतर ठेवा, आन् वर हॉलमध्ये नको, आमच्याच चाळीत कुणाच्या तरी घरी." ठरावात वार, वेळ आणि जागा तशीच घातलीय.